सातमोरीचा निकाल

सातमोरीच्या नगराध्यक्षपदाचा निकाल लागला त्या दुपारी श्रीपाल चौगुले कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसला होता. शिपायानं दारातूनच आकडे सांगितले, तेव्हा तो हसला.

"उलटं ऐकलंस तू. परत विचारून ये."

शिपायानं उलटं ऐकलेलं नव्हतं. सुगंधा ओहोळ, नऊ हजार अकरा. बापूसाहेब हुलवान, आठ हजार चारशे दोन. बापूसाहेब सहाशे नऊ मतांनी पडले होते.

बापूसाहेब पंधरा वर्षं नगराध्यक्ष होते. गावात लग्न असो की मयत, त्यांची गाडी सगळ्यांच्या आधी दारात उभी असायची. सुगंधा ओहोळ ही नगरपालिकेच्या प्रसूतिगृहातली निवृत्त नर्स. ते प्रसूतिगृह चार वर्षांपूर्वी पाडून तिथे दुकानगाळे झाले, आणि तेव्हापासून गावातल्या बायका बाळंतपणाला चाळीस किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी जात होत्या. सुगंधासिस्टर प्रचाराला पायीच फिरल्या. त्यांच्या सभेला दीडशे माणूस जमलं तर खूप, अशी परिस्थिती होती.

पण श्रीपालच्या हसण्याचं कारण निराळं होतं. तो संख्याशास्त्राचा प्राध्यापक होता आणि 'कौल' या यंत्राचा सातमोरीतला सल्लागार होता. मतदान संपल्यावर तासाभरात कौलानं आकडा जाहीर केला होता: बापूसाहेब एकसष्ट टक्के, सिस्टर सदतीस. याआधीच्या नऊ निवडणुकांमध्ये कौलाचा आकडा एका टक्क्यापेक्षा जास्त चुकलेला नव्हता.

कौल पुण्याच्या एका कंपनीनं बनवलेला होता. जुने चाचणीवाले दारोदार जाऊन लोकांना विचारायचे आणि लोक त्यांना बरं वाटेल ते सांगायचे. कौल कुणाला काही विचारतच नसे. तोवर घरोघरी भिंतीवर 'सोबती' नावाचा बोलणारा डबा लागलेला होता. शाळेच्या सूचना, रेशनची पाळी, लाइटबिल सगळं तोच सांगायचा, आणि घरातलं बोलणं त्याच्या कानावर पडायचंच. माणूस काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो, हे कौल त्यातून टिपायचा. प्रत्येकाचा एक निवांत आवाज असतो. मन मोकळं असलं की स्वर सैल असतो, श्वास लांब असतो. दडपण आलं, किंवा पटत नसलेलं बोलायची वेळ आली, की कंठाचे स्नायू किंचित आवळतात. तो फरक कानाला कळत नाही, यंत्राला कळतो. कौल तीन महिने घरातला आवाज ऐकायचा, माणूस ज्या स्वरात सगळ्यात जास्त वेळ बोलतो तो त्याचा निवांत आवाज धरायचा, आणि मग उमेदवाराचं नाव निघालं की त्या आवाजात काय बदल होतो ते मोजायचा. शब्द कुठेही साठवले जात नसत, फक्त स्वराच्या रेघा. या सगळ्याला घरातल्या एकाची संमती पुरे होती. श्रीपालच्या घरी ती श्रीपालनं दिली होती.

लोकांना यातलं शास्त्र कळत नव्हतं, पण नऊ वेळा खरं ठरलेलं यंत्र कळत होतं. त्याच संध्याकाळी नगरपालिकेसमोर हजारभर माणूस जमलं आणि घोषणा सुरू झाली: "कौल खरा, निकाल खोटा!"

चौथ्या दिवशी सगळ्या चोवीस केंद्रांवरच्या कागदी चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. यंत्रातली मतं आणि चिठ्ठ्या तंतोतंत जुळल्या. त्यानं लोकांचं समाधान झालं नाही. चिठ्ठ्याच बदलल्या असतील, असं म्हणायला काय लागतं? मग कुणीतरी चौदा नंबरच्या केंद्रावरची चाळीस सेकंदांची चित्रफीत पसरवली.

चौदा नंबर म्हणजे पेठेतलं, बापूसाहेबांच्या स्वतःच्या गल्लीचं केंद्र. तिथे कौलानं त्यांना चौऱ्याहत्तर टक्के दिले होते आणि प्रत्यक्षात पडले अठ्ठावन्न. चित्रफितीत केंद्राध्यक्ष मतदान यंत्रामागे वाकून काहीतरी करताना दिसत होते. वाऱ्यानं पडलेला पुठ्ठ्याचा आडोसा ते उभा करत होते, हे खोलीतल्या सगळ्यांनी सांगितलं. पण खोलीत होती आठ माणसं आणि चित्रफीत पाहिली साऱ्या गावानं.

ते केंद्राध्यक्ष म्हणजे दिगंबर सुतके, हायस्कूलचे चित्रकलेचे शिक्षक आणि श्रीपालचा पहिलीपासूनचा मित्र. आठवड्याभरात त्याला निलंबित केलं. त्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर डांबरानं कुणीतरी लिहिलं, 'आमची मतं परत दे.' बारावीतली त्याची मुलगी केतकी क्लासला जायची बंद झाली. किराणावाला वस्तू देताना त्याच्या तोंडाकडे बघेना.

सरकारनं चौकशीसाठी निवृत्त जिल्हा न्यायाधीश श्रीमती आठल्ये यांना नेमलं. बापूसाहेबांनी आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून श्रीपालचं नाव दिलं आणि त्याला घरी बोलावून घेतलं.

"तू आकडेवाला माणूस," ते म्हणाले. "तुझा बाप माझा जिवाचा मित्र होता. मला खोटं काही नको. मला कुणी लुबाडलं असेल तर ते शोध. आणि मी खरोखरच हरलो असेन, तर तसं सांग. पण पोरा, रस्त्यानं जाताना माणसं अजून माझ्या पायाला हात लावतात रे. मग मतं गेली कुठं?"

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाच्या आवाजात कांगावा नव्हता. ते खरंच बुचकळ्यात पडले होते. श्रीपालनं कंपनीकडून चोवीसही केंद्रांच्या नोंदी मागवल्या.

दिवाळीची सुट्टी होती, कॉलेज रिकामं होतं. तीन दिवस तो सकाळी नऊला जाऊन बसे. कुणी मतं पळवली असती तर चूक दोन-चार केंद्रांत साचलेली दिसली असती. इथे ती जवळजवळ सगळीकडे सारखी पसरली होती. चौदा नंबर त्यातल्या त्यात थोडा वर, इतकंच. फक्त सात नंबरचं केंद्र वेगळं होतं. तिथे कौल अर्ध्या टक्क्यानंही चुकला नव्हता.

सात नंबरमध्ये कोण राहतं? नर्सेसची वसाहत, मुलींचं वसतिगृह, आणि मागच्या चाळीतल्या एकट्या राहणाऱ्या बायका.

श्रीपालनं पेन खाली ठेवलं. मग प्रत्येक केंद्रावर किती बायकांनी मतदान केलं ते आकडे घेतले आणि चुकीच्या आकड्यांशेजारी मांडले. सात नंबर सोडला, तर दोन्ही रांगा हातात हात घालून वर-खाली होत होत्या. पुरुषांच्या बाबतीत कौल नेहमीसारखाच बरोबर होता. सगळी चूक पुरुषमाणसं असलेल्या घरांतल्या बायकांची होती. सुमारे अडीच हजार बायकांनी घरात बापूसाहेबांचं नाव घेतलं होतं आणि मत सिस्टरना दिलं होतं. गंमत म्हणजे ते नाव घेताना त्यांचा आवाज जराही आवळला नव्हता.

हे कसं? यंत्राला खोटं कळत होतं ना?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला आपल्याच घराची नोंद उघडायचं सुचलं. तेवढा अधिकार त्याला होता. पडद्यावर पद्मजाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, आवाजाची तीन महिन्यांची रेघ आली. रेघ अगदी सपाट होती. मधेच चार दिवस ती एकाएकी रुंद झाली होती, खालीवर उसळली होती. यंत्रानं त्या तुकड्यावर खूण केली होती: 'अनैसर्गिक. दुर्लक्ष करावे.'

श्रीपालनं तारखा पाहिल्या. त्या चार दिवसांत तो पुण्याला परिसंवादाला गेला होता.

त्यानं रेघ पुन्हा सुरुवातीपासून पाहिली. यंत्र चुकलं ते पहिल्याच पायरीवर. माणूस घरात ज्या आवाजात सगळ्यात जास्त बोलतो तो त्याचा निवांत आवाज, असं त्यानं धरलं होतं. या बायकांचा घरातला आवाज सदासर्वदा आवळलेलाच होता. त्यातून आणखी आवळायला जागाच नव्हती. त्यांचा मोकळा आवाज यंत्राच्या कानावर आलाच नव्हता, आणि चुकून आला तर यंत्रानं तो बाजूला टाकला होता. आजवर घरातलं बोलणं आणि मत सहसा एकच निघालं, म्हणून ही चूक कधी उघडी पडली नव्हती.

घरी आला तेव्हा पद्मजा ओट्यापाशी शेंगा सोलत होती. बेदाणा निवडण्याच्या शेडवर ती देखरेखीला होती. सव्वाशे बायका तिच्या हाताखाली काम करत. श्रीपालनं आधी भिंतीवरच्या सोबतीची वायर काढली. पद्मजा बघत राहिली.

"काय झालं हो?"

त्यानं सगळं सांगितलं. सात नंबरचं, रांगांचं, रेघेचं. ते चार दिवस सांगताना तो अडखळला.

"मी तुला कधी ओरडलोय का गं?" त्यानं विचारलं. "कधी कशाला नाही म्हटलंय?"

"नाही." पद्मजानं शेंग सोलायची थांबवली. "तुम्ही ओरडत नाही. तुम्ही समजावून सांगता."

"मग?"

"मी एक म्हटलं की तुम्ही त्यात काय चुकलं ते समजावून सांगता. बरोबरच असतं तुमचं. वीस वर्षं बरोबरच असतंय. मग मी बोलायच्या आधीच जरा तपासून बघायला लागले. एवढंच झालं." तिनं पुढची शेंग उचलली. "तुमच्याबद्दल तक्रार नाही माझी. आमच्यात मीच सगळ्यात सुखी आहे, असं सगळ्याजणी म्हणतात."

श्रीपालला यापेक्षा भांडण परवडलं असतं.

"म्हणजे शेडमध्ये ठरलं हे सगळं?"

"ठरलं काहीच नाही. बेदाणा परदेशी जातो म्हणून आत फोन न्यायचा नाही, मनगटातलं घड्याळसुद्धा नाही. सगळं दारातल्या फळीवर ठेवून आत जायचं. आठ तास निवडत बसायचं. माणूस बोलणारच की. कुणाची नणंद वाटेत गाडीतच बाळंत झाली, कुणाचं मूल पोचेपर्यंत गेलं. हेच बोलणं. तू मत कुणाला देणार असं कुणी कुणाला विचारलं नाही." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "आता तुम्ही काय करणार आहात?"

"मला साक्ष द्यायचीय, पद्मजा. हे सांगितलं की दिगंबर सुटतो. निकाल खरा ठरतो. संशयच संपतो."

"आणि त्या संध्याकाळी अडीच हजार घरांत काय होईल?"

श्रीपालनं त्याचा विचार केला नव्हता. पुरावा सापडल्याच्या आनंदात तो तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

"तुम्ही नाव एकीचंही घेणार नाही, ठाऊक आहे," पद्मजा म्हणाली. "पण 'बायका' म्हणालात की प्रत्येक नवरा आपापल्या घरी जाऊन विचारणार. प्रत्येक सासू विचारणार. यंत्रात चिठ्ठी पडताना आत कुणी नसतं म्हणून तर त्यांनी मनासारखं मत दिलं हो."

दुसऱ्या दिवशी तो दिगंबरकडे गेला. दाढी वाढलेला दिगंबर व्हरांड्यात बसला होता. भिंतीवरचं डांबर त्यानं खरवडून काढायचा प्रयत्न केला होता, पण अक्षरं अजून वाचता येत होती.

"मतं चोरीला गेलेली नाहीत," श्रीपाल म्हणाला. "हे मला आता पक्कं माहीत आहे. यंत्र कुठे चुकलं तेही कळलंय. पण ते सगळं मला चारचौघांत सांगता येणार नाही."

"का?"

"सांगितलं तर दुसऱ्याच कुणालातरी भोगावं लागेल."

दिगंबर त्याच्याकडे बघत राहिला. "माझ्या पोरीनं महिना झाला घराबाहेर पाऊल टाकलं नाही. माझ्याच शाळेतली मुलं रस्ता बदलतात. आणि तू इथं येऊन मला सांगतोस की तुला खरं माहीत आहे आणि तू गप्प बसणार आहेस?"

"यंत्र चुकलं हे मी सांगणारच आहे..."

"चहा घ्यायला थांबू नकोस," दिगंबर म्हणाला.

आतल्या दारात दिगंबरची बायको कुसुम उभी होती. तीही शेडवर कामाला होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. श्रीपालनं पाहिलं तशी ती घाईनं आत वळली.

त्या शुक्रवारी शेडमध्ये काय झालं ते पद्मजानं त्याला नंतर सांगितलं. तिनंच विषय काढला होता. कुसुम रडत म्हणाली, "माझ्यापायी माझा नवरा जळतोय. सांगू दे चौगुले सरांना, जे व्हायचं ते होईल." दोघी-तिघी तिच्या बाजूनं बोलल्या. दुसऱ्या म्हणाल्या, आपण केलं त्यात पाप काय आहे? तेवढ्यात मंगल नावाची एक तरुण बाई उठली. आदल्या वर्षी तिचा हात मोडला होता. मोटरसायकलवरून पडले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतलं होतं. पुढ्यातलं ताट बाजूला ठेवून ती दाराकडे गेली, फळीवरचा आपला फोन घेतला, आणि मग कुठे जायचं ते न कळल्यासारखी तिथेच उभी राहिली. कुसुमनं उठून तिला हाताला धरून परत आणून बसवलं. "नको सांगायला," कुसुमच म्हणाली. मग सगळ्याजणी परत बेदाणा निवडायला लागल्या.

चौकशीची सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. उभं राहायला जागा नव्हती. पुढे बापूसाहेब आणि त्यांची माणसं, एका बाजूला दिगंबर एकटा, आणि अगदी मागे, दाराशी, पंचवीस-तीस बायका. शेडला त्या दिवशी सुट्टी होती.

श्रीपालनं निवांत आवाजाचं सगळं शास्त्र सोप्या भाषेत सांगितलं. मग म्हणाला, "यंत्राचं गृहीतच चुकीचं आहे. काही माणसं घरात मोकळेपणानं बोलत नाहीत. त्यांचा निवांत आवाज यंत्राला मिळतच नाही, आणि यंत्र त्यांचं दडपलेलं बोलणं खरं मानतं. ही चूक शोधायचं काम माझं होतं. मी निवडणुकीआधी ते केलं नाही. कौलाचा आकडा चुकीचा आहे. चिठ्ठ्यांचा आकडा बरोबर आहे. चौदा नंबरच्या केंद्रावर इतरांपेक्षा वेगळं काहीही घडलेलं नाही."

बापूसाहेबांचे वकील उठले. "काही माणसं म्हणजे कोणती माणसं?"

"ते मी सांगणार नाही."

सभागृहात गलका झाला. वकिलांनी हात वर केला. "नावं नकोत आम्हाला. नुसता गट सांगा. म्हातारे? तरुण? एखादी जात? वस्ती?"

"मतदान गुप्त असतं," श्रीपाल म्हणाला. "एका माणसाचं मत उघड करणं गुन्हा आहे. मग हजारोंचं एकदम उघड करणं कसं चालेल?"

"बाईसाहेब, साक्षीदार पुरावा दडवतोय!"

श्रीमती आठल्ये यांनी समोरची नोंदवही मिटली नाही. केंद्रवार कागद त्यांच्यापुढेच होते. त्यांनी चष्मा वर करून सात नंबरची ओळ पाहिली, शेजारचा बायकांच्या मतदानाचा रकाना पाहिला. मग मान उचलून सभागृहाच्या टोकाला, दाराकडे पाहिलं. तिथली एकही बाई हलत नव्हती.

"साक्षीदाराचं यंत्राबद्दलचं म्हणणं मला पुरेसं आहे," त्या म्हणाल्या. "हा प्रश्न मी नाकारते. पुढचा साक्षीदार."

दहा दिवसांनी त्यांचा अहवाल आला. निकाल वैध, दिगंबर सुतके निर्दोष, कौलाचा आकडा पुरावा म्हणून अग्राह्य. अहवालानं नोकरी परत आली, पण गाव परत आलं नाही. लोक म्हणाले, बाई वरून दबाव आल्यामुळे गप्प बसली. चौगुले फुटला. काहीतरी आहे, नाहीतर त्यानं लपवलं कशाला? कंपनीनं श्रीपालला सल्लागारपदावरून काढलं. कॉलेजात मुलं फळ्यावर एकसष्ट टक्के असं लिहून ठेवायची. बापूसाहेबांची माणसं उच्च न्यायालयात जायची तयारी करू लागली.

मग एका रविवारी, जेवणं उरकल्यावर, बापूसाहेबांचा निरोप आला.

ते झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव वैनीसाहेब म्हणायचं, खिडकीपाशी सुपारी कातरत होत्या.

"चौकशीत नाही सांगितलंस, ठीक," बापूसाहेब म्हणाले. "इथं सांग. बाहेर जाणार नाही. कोण फिरलं?"

"नाही सांगता येणार, बापू."

"माझा विश्वास आहे तुझ्यावर. मतं खरी आहेत म्हणालास, मी मानलं. पण मला झोप लागत नाही रे. मजुरांची वस्ती म्हणावी, तर ते तोंडावर शिव्या देतात, त्यांना कसलं दडपण? तरुण पोरं घरात बापाचं ऐकत नाहीत. व्यापारी जातील ते एकगठ्ठा जातील, पण ते मूठभर. मग घरात तोंड दाबून कोण बसतं? माझ्या गल्लीत, माझ्या..."

ते थांबले. झोपाळ्याची कडी करकरत होती, तीही थांबली.

श्रीपालनं खाली फरशीकडे पाहिलं. अडकित्त्याचा आवाज बंद झाला होता.

"त्याला कशाला कोंडीत धरताय?" वैनीसाहेब म्हणाल्या. "विचारायचं तर मला विचारा. पन्नास वर्षं घरातच आहे मी."

बापूसाहेबांनी ओठ ओलावले.

"प्रसूतिगृह पाडायचं ठरलं, तेव्हा तू काही बोलली नव्हतीस."

"बोलले होते. तुम्ही जेवत होता. 'बघू' म्हणालात."

"मग परत बोलायचं होतंस."

वैनीसाहेबांनी सुपारीचं तबक बाजूला सारलं. "धाकट्या सुनेला गाडीतच कळा सुरू झाल्या, त्या दिवशी परत बोलले. तुम्ही डॉक्टरला शिव्या दिल्यात. आता आणखी काय विचारायचंय? विचारा. मी खोटं सांगणार नाही."

बापूसाहेब बायकोकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत आधी राग आला, मग काहीतरी मोजत असल्यासारखे ते लांब पाहू लागले. शेवटी मान हलवून ते एवढंच म्हणाले, "नको." आणि थोड्या वेळानं, "नाही विचारत."

वैनीसाहेबांनी अडकित्ता परत हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी बाजाराचा दिवस होता. सकाळी साडेदहाला बापूसाहेब घरातून निघाले. गाडी नाही, सोबत माणूस नाही. पेठेतून, भाजीच्या पालांमधून, चालत ते सुतक्यांच्या दारी गेले आणि फाटक ढकलून आत शिरले. दिगंबर बाहेर आला. त्याला कळेना, वाकावं की दार लावून घ्यावं.

"मास्तर, चहा टाकायला सांगा," बापूसाहेब म्हणाले. "आत नको, इथंच बसू. ऊन बरं वाटतं."

ते ओट्यावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. बाजाराला चाललेली माणसं थबकू लागली. पाच झाली, पन्नास झाली. भाजीवाल्या पाट्या डोक्यावर तशाच घेऊन उभ्या राहिल्या. कुसुमनं चहा आणला. बापूसाहेबांनी बशीत ओतून घेतला आणि शांतपणे फुंकर घालत प्यायला.

त्यांच्याच पक्षाचा एक कार्यकर्ता गर्दीतून पुढे आला. "बापू, इथं काय करताय? परवा न्यायालयात अर्ज टाकायचाय आपल्याला!"

"टाकायचा नाही."

"अहो, पण कौल..."

"अरे, तो डबा काय माझा मतदार होता?" बापूसाहेब मोठ्यानं म्हणाले. भाषणाची सवय असलेला आवाज, तो कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेला. "मी हरलोय. माणसांनी मतं दिली नाहीत म्हणून हरलो. या मास्तरनं काही केलेलं नाही. ज्याला माझ्यासाठी वाईट वाटत असेल, त्यानं आधी ही भिंत रंगवून द्यावी."

मग कोपऱ्यावरचा सायकलवाला आत जाऊन चुन्याची बादली घेऊन आला.

श्रीपाल रस्त्याच्या पलीकडे, पद्मजाच्या शेजारी उभा होता. त्याला वाटलं, जावं, दिगंबरला हाक मारावी. दिगंबरनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तो श्रीपालशी पुढचे पाच महिने बोलला नाही. वर्षप्रतिपदेला केतकीला बरोबर घेऊन स्वतःच घरी आला, तोवर नाही.

"चला," पद्मजा म्हणाली. "भाजी घ्यायची राहिलीय."

"कुठली घ्यायची?" श्रीपालनं विचारलं, आणि या खेपेला तो उत्तराची वाट पाहत थांबला.